फुंकेची साधना

जत्रेतून बासरी विकत आणली नाही असे घर आपल्याकडे क्वचितच असेल. बासरीवाला खांद्यावरच्या काठीला शेदोनशे बासऱ्या खोचून फिरत असतो, आणि त्यांतलीच एक ओठाला लावून एखादे गाणे असे काही वाजवतो की, मूल बापाचा हात सोडून तिथेच उभे राहते. पैसे मोजले जातात, बासरी घरी येते, आणि मग सुरू होते ती नुसती फुसफुस. मूल गाल फुगवते, डोळे वटारते, भोवळ येईपर्यंत फुंकते. पण स्वर काही निघत नाही. "फसवले हो त्या बासरीवाल्याने! चांगली स्वतःला ठेवली आणि फुटकी आपल्या गळ्यात मारली," असा निकाल घरातली वडीलधारी मंडळी देऊन टाकतात. आमच्या लहानपणी आमच्या घरीही हाच निकाल लागला होता. पुढच्या वर्षी आम्ही हट्टाने त्याच्या ओठाला लागलेली बासरीच मागून घेतली. घरी आल्यावर तीही मुकी झाली. तेव्हा कुठे ध्यानात आले की, बासरीवाल्याने आपल्याला सगळे काही प्रामाणिकपणे विकले होते. पण एक गोष्ट त्याला विकता येण्यासारखीच नव्हती. ती त्याच्या ओठांवर होती.

त्या न विकता येणाऱ्या गोष्टीचा इतिहास आज आपल्यापुढे मांडावा असा आमचा विचार आहे. बासरीचा इतिहास म्हटला की छिद्रे किती, नळी किती लांब, बांबूची की लाकडाची की चांदीची, याच गोष्टी सांगितल्या जातात. त्या महत्त्वाच्या आहेतच. पण बासरीचा अर्धा भाग वादकाच्या चेहऱ्यावर असतो, आणि तो अर्धा भाग कसा घडवावा यासाठी माणसाने काही शतके जी धडपड केली, तिची हकीकत फारशी कोणी सांगत नाही.

प्रथम ही गोष्ट म्हणजे नेमके काय, ते पाहू. आपले वादक तिला 'फुंक' म्हणतात. युरोपातील वादकांनी तिला फ्रेंच भाषेतून घेतलेले 'आंबुशूर' हे नाव दिले आहे. फ्रेंचमध्ये 'बूश' म्हणजे तोंड. त्यावरून ओठांची विशिष्ट ठेवण म्हणजे आंबुशूर. गंमत अशी की, नदी समुद्राला मिळते त्या मुखालाही फ्रेंच माणूस हाच शब्द वापरतो. कंठातून आलेला श्वास ज्या मुखातून नळीला मिळतो, त्याला हे नाव शोभते खरे.

सनईला पत्ती असते. ती थरथरते आणि स्वर होतो. शिट्टीसारख्या तोंडाच्या अलगुजात बूच बसवून हवेची वाट आधीच कोरून ठेवलेली असते. कोणीही फुंकावे, हवा बरोबर त्या वाटेनेच धारेवर जाते. आडव्या बासरीला यांतले काहीच नाही. तिला एक भोक आहे, आणि त्या भोकाला पलीकडची एक कड आहे. ओठांच्या फटीतून निघालेला हवेचा पातळ झोत त्या कडेवर जाऊन आपटतो आणि क्षणात नळीच्या आत, क्षणात बाहेर असा हेलकावे खाऊ लागतो. नळीतली हवा त्या हेलकाव्यांना साथ देते, आणि स्वर जन्माला येतो. औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकून आपण सर्वांनी हा प्रयोग केलेला आहे. अलगुजात कारागिराने जी वाट लाकडात कोरली, ती आडव्या बासरीत वादकाला आपल्या ओठांनी कोरावी लागते, आणि तीही दर स्वराला नव्याने.

या वाटेचे चार हिशेब आहेत. ओठांमधली फट किती मोठी, हवा किती वेगाने जाते, ओठापासून कडेपर्यंतचे अंतर किती, आणि झोत कोणत्या कोनाने पडतो. वेग वाढला किंवा अंतर कमी झाले की स्वर उडी मारून वरच्या सप्तकात जातो. ओठाने भोक जास्त झाकले की स्वर उतरतो, उघडे टाकले की चढतो. फट मोठी राहिली तर हवा फुकट जाते आणि फुसफुस ऐकू येते. जत्रेतल्या बासरीची जी गत होते, तिचे कारण बहुधा हेच असते. मूल दिवाळीतला दिवा विझवावा तसे फुंकते; बासरीला मात्र ज्योत न विझता नुसती वाकावी इतकी बारीक आणि सरळ फुंक हवी असते.

ही फुंक बरी की वाईट, याचा विचार आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवर फार पूर्वी झाला आहे. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीला यादव राजा सिंघण राज्य करीत होता. त्याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा एक विद्वान अधिकारी होता. घराणे मूळचे काश्मीरचे, काम जमाखर्चाचे आणि वेड संगीताचे. त्याने 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ लिहिला. त्यातल्या वाद्याध्यायात वंश म्हणजे बासरीचे प्रकार आहेत, आणि त्या प्रकारांची गणना कशावर केली आहे? फुंकायचे भोक आणि बोटांचे पहिले भोक यांच्यामधल्या अंतरावर. पुढे तो फूत्काराचे, म्हणजे फुंकेचे, गुण आणि दोष वेगळे काढून सांगतो. स्निग्धता, घनता, माधुर्य हे गुण; स्तोक म्हणजे अपुरी, कृश म्हणजे रोडावलेली, स्खलित म्हणजे अडखळणारी, हे फुंकेचे दोष. सुमारे आठशे वर्षांपूर्वीच्या या परीक्षकाचे कान किती तयार होते, हे या शब्दांवरूनच कळते. पण हे सारे वर्णन कानाचे आहे. फुंक स्निग्ध असावी हे शिष्याला समजते. ती तशी व्हावी म्हणून ओठांचे काय करायचे, हे त्याने गुरूच्या समोर बसून, गुरूच्या तोंडाकडे पाहतच उचलायचे.

युरोपातही बराच काळ असेच चालले होते. तिथे आडव्या बासरीला मोठा आश्रय मिळाला तो सैन्यात. स्विस आणि जर्मन पायदळाबरोबर ढोल आणि 'फाइफ' नावाचा लहान पावा चालत असे. त्वान्नो आर्बो या नावाने लिहिणाऱ्या एका फ्रेंच धर्मगुरूने १५८९ च्या आपल्या नृत्यविषयक ग्रंथात या पाव्याचे वर्णन केले आहे: सहा भोके, आणि आतली नळी इतकी अरुंद की पिस्तुलाच्या गोळीएवढीच जाडी मावावी, म्हणून त्याचा आवाज कर्कश आणि उंच. अरुंद नळी वरच्या स्वरांना अनुकूल असते. पण त्यासाठी ओठांची फट अगदी बारीक आणि आवळलेली ठेवावी लागते. हे काम वादकाने चालता चालता, पावसात आणि थंडीत, खाली-वर हिंदकळत करायचे. एका शिपायाने दुसऱ्याचे पाहून शिकायचे, एवढीच त्याची पाठशाळा. जमले तो वादक झाला. ज्याला जमले नाही त्याने भाला उचलला. "ओठांत असावे लागते," एवढ्या एका वाक्यात सारे शास्त्र संपत होते.

हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे. गळा देवाने द्यावा लागतो, हात उपजत लागतो, असे आपणही उठल्याबसल्या म्हणतो. या समजुतीला पहिला जोराचा धक्का दिला तो झाक ओतेतेर या फ्रेंच वादकाने. नॉर्मंडीतल्या लाकूड कातणाऱ्या आणि वाद्ये घडवणाऱ्या प्रसिद्ध घराण्यातला हा माणूस चौदाव्या लुईच्या दरबारी वाजवत असे. त्याने १७०७ मध्ये पॅरिसला आडव्या बासरीचे एक छोटे शिक्षण-पुस्तक छापले. त्या काळी बासरी दरबारात आणि प्रतिष्ठित घरांत शिरली होती. हौशी शिष्य वाढले होते, आणि प्रत्येकाला उस्ताद परवडत नव्हता. ओतेतेर स्वच्छ सांगतो की, ओठांची ठेवण नियमांनी शिकवता येत नाही असे अनेकांना वाटते. पण शोध सोपा करणारे काही नियम आहेत.

ते नियम पाहिले तर साधेच वाटतात. ओठ एकमेकांना मिटलेले असावेत, फक्त मध्यभागी हवा जाण्यापुरती बारीक फट ठेवावी. ओठ पुढे काढू नयेत. उलट कोपऱ्यांकडे ओढून सपाट आणि गुळगुळीत करावेत. बोटे लगेच भोकांवर ठेवू नयेत. आधी नुसता स्वर निघेपर्यंत फुंकत राहावे. आणि समोर आरसा धरावा. आमच्या मते हा आरसा फार मोलाचा आहे. ज्या क्षणी आरसा शिष्याच्या हाती आला, त्या क्षणी गुरूच्या तोंडाकडे पाहून शिकणारा विद्यार्थी स्वतःच्या तोंडाकडे पाहून शिकू लागला. उपजत देणगीच्या गूढातून ही विद्या बाहेर पडून अभ्यासाच्या उजेडात आली.

पुढचे मोठे नाव योहान योआखिम क्वांट्झचे. हा जर्मन मुलगा मुळात ओबो वाजवत असे. ड्रेस्डेनला ब्यूफार्दँ या फ्रेंच वादकाकडे काही महिने शिकून तो बासरीकडे वळला. पुढे प्रशियाचा राजपुत्र फ्रेडरिक त्याचा शिष्य झाला. बाप कडक लष्करी. मुलाने बासरी वाजवावी हे त्याला मुळीच खपत नसे. एकदा बाप अचानक आला तेव्हा गुरुजींना लहानशा खोलीत दडून बसावे लागले, अशी आख्यायिका सांगतात. फ्रेडरिक १७४० मध्ये गादीवर बसला आणि पुढल्याच वर्षी त्याने क्वांट्झला दरसाल दोन हजार थॅलरवर आपल्याकडे आणले. १७५२ मध्ये बर्लिनला क्वांट्झचा बासरीवादनावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात एक संपूर्ण प्रकरण ओठांच्या ठेवणीवर आहे.

क्वांट्झची दृष्टी ओतेतेरच्या पुढे जाते. ओतेतेरने ओठ कसे धरावेत ते सांगितले. क्वांट्झ ते कसे हलवावेत ते सांगतो. वरच्या सप्तकात जाताना नुसते जोराने फुंकू नये, तर हनुवटी आणि ओठ पुढे सरकवून भोक अधिक झाकावे, असे त्याचे सांगणे आहे. म्हणजे मघाशी आपण जो अंतराचा हिशेब पाहिला, तो त्याने यंत्राशिवाय, निव्वळ अनुभवाने काढला होता. आणि तो व्यवहारीही किती! सभेत वाजवताना उकाड्याने तोंडाला घाम आला आणि बासरी घसरू लागली तर काय करावे? क्वांट्झ सांगतो, हळूच तोंड आणि बासरी पुसून घ्यावी, मग केसांना किंवा टोपाला बोट लावावे, आणि त्यावरची बारीक पावडर ओठाखाली चोळावी. टोपाला पावडर लावण्याची चाल त्या काळी होती, ती अशीही उपयोगी पडली!

मात्र याच ग्रंथात एक जुनी सावली शिल्लक आहे. वादक होऊ इच्छिणाऱ्याचे दात सारखे असावेत, ओठ पातळ आणि गुळगुळीत असावेत, जाड आणि सुजल्यासारखे नसावेत, अशी यादी क्वांट्झ आरंभीच देतो. पुढच्या काळाने ही यादी बरीच सैल केली. जाड ओठांचे उत्तम वादक झाले. ज्यांच्या वरच्या ओठाच्या मध्यावर लहानसा थेंब लोंबतो, त्यांचा झोत मध्यभागी दुभंगतो. तेव्हा त्यांनी फट थोडी बाजूला काढली, आणि त्यांचेही काम झाले. आरशाने जे सुचवले ते खरे ठरले: ठेवण एकच नाही, प्रत्येकाने आपल्या चेहऱ्यात आपली शोधायची.

फ्रेडरिक राजाची पुढची हकीकत मन हलवणारी आहे. १७७२ मध्ये चार्ल्स बर्नी हा इंग्रज संगीत-इतिहासकार पॉट्सडॅमला गेला आणि त्याने साठीच्या राजाचे वादन ऐकले. राजाची फुंक स्वच्छ आणि एकसारखी होती, असे त्याने नमूद करून ठेवले. एवढ्या लढाया, एवढी राजकारणे, आणि इतक्या वर्षांनंतरही फुंक एकसारखी! रोजच्या सरावावाचून हे होत नाही. पण पुढे काही वर्षांतच राजाचे पुढचे दात पडले, संधिवाताने बोटे आखडली, आणि १७७९ च्या सुमारास त्याने बासरी कायमची पेटीत ठेवली. ज्याच्या शब्दावर सैन्ये हलत, त्याचे स्वतःच्या ओठांपुढे काही चालले नाही. बासरी शाबूत होती, विद्या शाबूत होती, पैका तर होताच. गेला तो वाद्याचा असा अर्धा भाग, की जो कोणत्याही कारागिराकडून नवा करून घेता येत नव्हता.

कारागीर मात्र स्वस्थ बसले नव्हते. तेओबाल्ड बोएम हा म्युनिकचा सोनार आणि उत्तम बासरीवादक. १८३१ मध्ये तो लंडनला गेला आणि तिथे त्याने चार्ल्स निकोल्सन या वादकाची बासरी ऐकली. निकोल्सनच्या बासरीची भोके मोठी, हात मोठे, आणि आवाज तर असा भरदार की बोएम चकित झाला. आवाजाच्या जोरात आपण त्याची बरोबरी करू शकत नाही, म्हणूनच आपण बासरी नव्याने घडवायला घेतली, असे बोएमने पुढे स्वतःच कबूल केले आहे. १८३२ मध्ये त्याने नवी किल्ल्यांची रचना केली. आणि १८४७ मध्ये तर सारी नळीच बदलली. भोके बोटांच्या सोयीने न पाडता ध्वनिशास्त्राच्या हिशेबाने पाडली आणि ती गादीच्या झाकणांनी मिटवली. फुंकायचे भोक पूर्वी लहान आणि गोल असे. ते त्याने मोठे, कोपरे गोल केलेल्या चौकोनासारखे, सुमारे बारा मिलिमीटर लांब आणि दहा रुंद केले. आज जगभरच्या वाद्यवृंदांत वाजणारी बासरी ती हीच.

बोएमने बोटांचे कष्ट वाचवले, स्वरांचे अंतर नेमके केले, आवाज वाढवला. पण ओठांचे काम कमी झाले का? आमचे उत्तर असे की, ते वाढले. लहान गोल भोकाला बारीक झोत पुरे होता आणि ओतेतेरचे ताणलेले सपाट ओठ त्याला शोभत होते. मोठ्या भोकाला भरघोस झोत हवा. आवळलेल्या ओठांनी तो मिळेना. हजारो वादकांना जुनी सवय मोडून ओठ सैल करायला शिकावे लागले. म्हणजे नियम शाश्वत नव्हता. वाद्य बदलले तसा तो बदलला. जो नियमाला चिकटून राहिला त्याचा आवाज अडकला. ज्याने कान उघडे ठेवले त्याने नवा नियम शोधला.

हा शोध पॅरिसच्या संगीत-विद्यालयात नावारूपाला आला. तिथे १८६० मध्ये बोएमची बासरी रुजू झाली. १८९३ पासून पॉल ताफानेल तिथे शिकवू लागला आणि त्याच्या शिष्यपरंपरेने सहज, लवचिक, गाणाऱ्या स्वराची एक शैली घडवली. त्या परंपरेतला मार्सेल म्वाझ याने १९३४ मध्ये स्वराच्या साधनेवर एक पुस्तक काढले. त्या पुस्तकात शब्द थोडे आहेत. त्याचा पहिला धडा ऐकण्यासारखा आहे. मधल्या टापूतला एक सुखाने निघणारा स्वर घ्यावा. तो शक्य तितका सुंदर करावा. मग अर्धा स्वर खाली यावे, आणि पहिल्या स्वराचे सारे सौंदर्य दुसऱ्यात आणावे. मग तिसऱ्यात, मग चौथ्यात. घाई नाही, तान नाही, चमत्कार नाही. ओठ किती मिलिमीटर उघडावे, हे म्वाझ सांगत बसत नाही. चांगला स्वर हाच गुरू, आणि शेजारचा स्वर हा त्याचा शिष्य. ओठांभोवती जो वर्तुळाकार स्नायू आहे, तो या मंद सरावाने हळूहळू शहाणा होतो. आणि कान सांगतील तसे तो आपण होऊन वळू लागतो.

हा धडा वाचताना आम्हांला एकदम आपल्याकडची खर्जाची साधना आठवली. पहाटे उठून एकच षड्ज श्वास पुरेल तोवर लावायचा, तो हलू द्यायचा नाही, वाळू द्यायचा नाही, ही आपल्या गवयांची शिस्त. पॅरिसने आपल्याकडून घेतले नाही, आपण पॅरिसकडून घेतले नाही. दोघांच्याही पुढे प्रश्न एकच होता, म्हणून उत्तर एकच निघाले.

आणि याचा पुरावा मुंबईतच घडला. बारिसालचे पन्नालाल घोष १९४० मध्ये मुंबईला आले. चित्रपटांत त्यांनी काम केले, पुढे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचे ते शिष्य झाले. बासरी तोवर लोकगीतांची आणि हलक्याफुलक्या सुरावटींची सोबतीण समजली जाई. ख्यालाचा विस्तार तिच्यात मावेल असे फारसे कोणाला वाटत नव्हते. पन्नालालजींनी सुमारे बत्तीस इंचांची लांब, रुंद बासरी हाती घेतली आणि तिला सातवे भोक जोडले. पण लांब बांबू बाजारात मिळत होताच. प्रश्न होता तो भरण्याचा. एवढ्या रुंद नळीत मंद्र सप्तकाचा स्वर घुमवायचा तर झोत रुंद, ऊनसर आणि शांत हवा. आणि तिथून तार सप्तकात जायचे तर तोच झोत क्षणात बारीक व्हायला हवा. व्यायामाने कमावलेली छाती आणि वर्षानुवर्षांच्या साधनेने कमावलेले ओठ, यांनी ते काम केले. १९६० मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा बासरी मैफिलीच्या मुख्य आसनावर बसलेली होती, आणि तिथून ती पुन्हा उठली नाही. त्यांची जुनी ध्वनिमुद्रिका लावून पाहावी. शार्ङ्गदेवाने सांगितलेली स्निग्धता आणि घनता कशाला म्हणतात, हे सांगायला मग भाष्यकार लागत नाही.

आता आपण या प्रवासाचे सार काढू. देवगिरीच्या पंडिताने चांगली फुंक ओळखायला शिकवले. सैन्यातल्या पाववाल्यांनी ती अंगमेहनतीने उचलली. ओतेतेरने आरसा दिला, क्वांट्झने हालचाल दिली, बोएमने नवे वाद्य देऊन जुना नियम मोडायला लावला, आणि म्वाझने पुन्हा कानाकडे नेऊन सोडले. ही विद्या शिकवता येते, हे या सर्वांनी मिळून सिद्ध केले. मात्र ती शिकवून संपत नाही. गुरू नियम देतो, ग्रंथ वाट दाखवतो, कारागीर उत्तम नळी देतो. पण ओठ ज्याचे त्याला रोज नव्याने घडवावे लागतात, आणि चार दिवस सोडले तर ते पुन्हा परके होतात. फ्रेडरिकची हकीकत सांगते की, ही कमाई कायमची नसते. म्हणून तिची किंमत कमी होत नाही. आज ओठ साबूत आहेत तोवर आज वाजवावे, एवढाच तिचा अर्थ.

आपल्याकडे मुलाला बासरी आणून द्यायची आणि आठ दिवसांत ती फळीवर टाकून "याच्या अंगात नाही" म्हणून मोकळे व्हायचे, ही रीत फार आहे. आम्ही एवढेच सुचवू की, त्या आठ दिवसांनंतर बासरी फळीवरून खाली काढावी. मुलापुढे एक आरसा ठेवावा. बोटे उचलू द्यावीत, गाणे मागू नये. गाल फुगवू नको, दिवा विझवल्यासारखा फुंकू नको, भोक जरासे आत वळव, जरासे बाहेर वळव, आणि ऐक, एवढेच सांगावे. कोणत्या तरी संध्याकाळी, बहुधा कोणाचे लक्ष नसताना, नळीतून एक स्वर निघेल. तो थोडा कापरा असेल, थोडा फुसकाही असेल. त्या वेळी मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांनी हातातले काम ठेवून ऐकावे. देवगिरीपासून मुंबईपर्यंतच्या साऱ्या वादकांची सुरुवात याच एका स्वरापासून झालेली आहे.